माळावर झाडं लावली त्याची गोष्ट

जूनचा शेवटचा आठवडा आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो. शनिवारी सकाळी सहाला बस, टीशर्ट मिळेल, नाष्टा मिळेल, फॅमिली चालेल. वृक्षारोपण! मी कित्येक वर्षं न चुकता गेलोय, आणि २०१९ ला तर काय विचारूच नका, सरकारचं ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, जिकडे तिकडे खड्डे आणि जिकडे तिकडे सेल्फी. त्या वर्षी बस नेमकी आमच्याच भागात गेली, इंदापूरच्या बाजूला, माझ्या मामाच्या गावाला लागून असलेल्या माळावर. मला तर केवढा अभिमान, की बघा आपल्या मातीत आपण झाडं लावतोय वगैरे. दिवसभरात माझ्या एकट्याची तीस-पस्तीस रोपं झाली असतील. बहुतेक गिरिपुष्प, थोडी करंज, थोडी कडुनिंब.

संध्याकाळी मामाकडे चहाला थांबलो तर तिथे तात्या बसलेले. तात्या म्हणजे धनगर, त्यांची मेंढरं मामाच्या रानात बसायला येतात, मी शाळेत असल्यापासून ओळख. म्हटलं तात्या, आज माळावर हजार झाडं लावली. तात्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आरं पण गवताचं काय वाकडं झालं हुतं?"

मी हसलो. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला मेंढरांची पडलीये, याला पर्यावरण काय कळणार.

नंतर दोनेक वर्षांनी लॉकडाऊनमधे गावी अडकलो, हातात वेळच वेळ, मामेभावाची जुनी दुर्बीण होती ती घेऊन रोज सकाळी माळावर जायला लागलो आणि मग हळूहळू कळत गेलं की आपण नक्की काय केलंय. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, त्यातला प्रकार.

आपल्याला शाळेपासून माळ म्हणजे उजाड असंच शिकवलेलं असतं. उजाड माळरान, ओसाड माळरान. सातबाऱ्यावर पोटखराबा, नाहीतर गायरान, आणि सरकारी नकाशात पडीक जमीन. म्हणजे जिथे काहीच नाही अशी जागा. पण या पट्ट्यात पाऊसच मुळात पाचशे मिलिमीटरच्या आसपास, खाली हातभर माती की लगेच मुरूम, तिथे घनदाट जंगल कधी नव्हतंच. झाडं तोडून तोडून माळ झाला असं मला आयुष्यभर वाटत होतं, तर तसं नाहीये, बराचसा माळ हा मुळातच माळ आहे. पवन्या, मारवेल, कुसळी असली गवतं, मधूनच एखादी बोर नाहीतर हिवर, बास. आणि त्यावर जगणारी सगळी मंडळी मोकळ्या जागेला सरावलेली.

धाविक नावाचा पक्षी आहे. टिटवीपेक्षा लहान, पोटाकडे विटकरी रंग, डोळ्यावरून एक पांढरी पट्टी आणि खाली काळी, पाय पांढरट आणि लांब. हा उडत नाही पटकन. तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो, मान वर करून बघतो, किडा टिपतो, परत पळतो. घरटं बिरटं काही नाही, उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी, ती पण अशी ठिपक्यांची की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आता याचं सगळं गणित असं की लांबून येणारा शत्रू दिसला पाहिजे. तिथे आपण दर दहा फुटावर एक झाड उभं केलं की याला दिसायचं बंद, आणि त्याच झाडावर कावळा बसून आरामात बघतो की खाली कोण कुठे अंडी घालतंय. म्हणजे आपण कावळ्यासाठी मचाण बांधून दिलं, स्वखर्चाने, टीशर्ट घालून.

चंडोलाचंही तेच, तो तर जमिनीवरच. त्यातला डोंबारी बघितलाय का कुणी? सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला लागणार असं वाटेपर्यंत परत वर. नाव देणाऱ्याला मानलं पाहिजे. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी येतात, दिवसभर गवतावरून तरंगत टोळ खातात आणि रात्री झाडावर नाही, गवतात खाली बसून झोपतात. इतक्या लांबून येणाऱ्या पाहुण्याला झाड नकोय, गुडघाभर गवत हवंय!

गिरिपुष्पाबद्दल थोडं. हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, कोकणात याला उंदीरमारी पण म्हणतात. रोपवनवाल्यांचं लाडकं का, तर पटकन जगतं आणि शेळ्यामेंढ्या फारसं तोंड लावत नाहीत. म्हणजे टक्केवारी छान दिसते. पण त्याच्या सावलीत गवत मरतं, आणि गवत गेलं की चिंकारा काय खाणार, टोळ गेले की खोकड काय खाणार, ससे गेले की लांडगा कुठे जाणार. तो जातो मेंढरांवर. मग लोक म्हणतात लांडगे वाढले. वाढले कसले, सबंध देशात लांडगे ३१०० च्या आसपास असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि २०२२ च्या गणनेत वाघ सरासरी ३६८२ निघाले. वाघापेक्षा कमी! पण वाघाला टायगर रिझर्व आणि लांडग्याला पोटखराबा.

माझ्या खड्ड्यांवरच सगळं खापर फोडायचं नाहीये मला. या भागात उजनीचं पाणी आलं तसा ऊस आला, घरं पक्की झाली, मामाच्या घरात टीव्ही आला आणि मी शिकलो तो पण त्याच उसावर, तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलू. पण रस्ता, एमआयडीसी, प्लॉटिंग, आता सोलर, जे काही आलं ते गायरानावरच, कारण शेत कुणी सोडत नाही आणि फॉरेस्टला हात लावला तर बोंब होते. माळासाठी कोण बोंब मारणार? त्यात पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या रात्रीत माळाच्या कडेला टाकून जातात, त्यावर गावची कुत्री पोसली जातात, तीच कुत्री टोळीने चिंकाऱ्याच्या पाडसामागे लागतात. त्या कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात आणि संकर पण होतो, पुण्याजवळ असे अर्धे लांडगे अर्धी कुत्री सापडलेत, जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. आणि फोटोग्राफर! थंडीत लांडग्यांची पिल्लं असतात तेव्हा बिळाच्या तोंडापर्यंत जीप नेणारे महाभाग मी स्वतः बघितलेत. एकाला हटकलं तर मलाच म्हणाला तुम्ही फॉरेस्टचे का.

आणि माळाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं हे बघायचं तर सोलापूरचं नान्नज आहे की. १९७९ ला तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, ज्यात गावं, शहरं, शेतं सगळंच, त्यामुळे लोक वैतागले, शेवटी ते कमी करून सव्वाबाराशेवर आणलं. एवढ्या सगळ्या वर्षांत खरा गवताचा तुकडा मात्र थोडासाच राखलेला आणि त्यातही गिरिपुष्पाची लागवड झालेली. आजूबाजूला ऊस, द्राक्षं, विजेच्या तारा. माळढोक पंधरा किलोपर्यंत जाणारा पक्षी, त्याला उडताना समोरची तार नीट दिसत नाही, आणि मादी एका वेळी एकच अंडं घालते, म्हणजे भरपाई किती हळू होणार बघा. नान्नजला आता वर्षाकाठी एखादा दिसला तरी बातमी होते. देशात दीडशेच्या आतच उरलेत, ते पण मुख्यतः राजस्थानात जैसलमेरकडे, जिथे अंडी गोळा करून केंद्रात पिल्लं वाढवायला लागतायत. पिल्लं वाढतील हो, पण सोडणार कुठे?

असो, तर माझी झाडं. मागच्या ऑक्टोबरात मुद्दाम बघायला गेलो होतो. खरं तर पहिल्या उन्हाळ्यातच निम्मी गेली होती, टँकर दोन महिने आला आणि बंद झाला, ज्या संस्थेने सगळं केलं ती परत फिरकली नाही. खालच्या अंगाला, जिथे पाणी जिरतं, तिथे गिरिपुष्प चांगलं वाढलंय, आत गेलं तर पायाखाली नुसता पाला, गवताची काडी नाही, पक्ष्याचा आवाज नाही. वरच्या अंगाला मात्र सगळी मेलेली, काठ्या उभ्या, काठीला आमच्या कंपनीच्या नावाची फाटकी पट्टी, आणि मधे सगळं कुसळीचं गवत परत आलेलं, उन्हात तांबूस. मी त्या काठ्यांमधे उभा होतो आणि पुढे उघड्या मुरमावर तीन धाविक. पळाले, थांबले, बघितलं, परत पळाले. आपण लावलेली झाडं मेली म्हणून आनंद झालेला मी पहिलाच माणूस असेन बहुतेक.

तात्या भेटले नाहीत, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं म्हणून गडबडीत होते म्हणे. यंदाच्या जूनला ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी फक्त विचारलं, जमीन कसली आहे, माळ आहे का? दोन निळ्या टिका आल्या आणि पुढे काही नाही. एकाने हात जोडलेला इमोजी टाकला, त्याचा अर्थ काय घ्यायचा मला कळलं नाही.

त्या ऑक्टोबरात घरी आल्यावर बायकोने सॉक्स बघून आधी शिव्या घातल्या, की हे मशीनला लावायचं नाही. सगळी कुसळं. बाथरूममधे बसून एकेक उपटत होतो तर लेक आली, म्हटलं गंमत बघ, एक कुसळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि वर पाण्याचा थेंब टाकला. क्षणभर काही नाही. मग त्याची शेपटी गोल फिरायला लागली, आपोआप, पीळ सुटत सुटत, असंच ते पाऊस पडला की जमिनीत स्वतःला भोक पाडून घुसतं. तिने हात झटकला आणि ओरडली, "बाबा, हे जिवंत आहे!" मग उरलेली सगळी कुसळं तिने मगात टाकली.