अंतर चुकलं की वजन चुकतं

एकतीस वर्षं जमीन मोजणीत काढली. त्यामुळे विज्ञान दिनाला खोडदला गेलो, तेव्हा मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो एका आलेखापाशी. बाहेर 45 मीटर व्यासाची डिश उभी होती, तिच्या जाळीतून आभाळ आरपार दिसत होतं. इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अशा 30 डिश आहेत. आत एक विद्यार्थिनी सांगत होती, "काका, ही दीर्घिकेतल्या, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहातल्या, हायड्रोजनची रेषा." मधे खोलगट, दोन्ही टोकांना शिंगं.

हायड्रोजन 21 सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. दीर्घिका फिरत असते, तिची एक बाजू आपल्याकडे येते आणि दुसरी लांब जाते, म्हणून रेषा रुंदावते. रेषा जितकी रुंद, तितकी दीर्घिका वेगाने फिरणारी आणि मुळातच तेजस्वी. ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी 1977 मध्ये हे दाखवलं. मूळ तेज कळलं की ती इथून किती मंद दिसते त्यावरून अंतर निघतं. दीर्घिका किती कललेली आहे तेही धरावं लागतं. आम्ही डोंगरउतारावर साखळी टाकली की उताराची दुरुस्ती करायचो, तसंच.

एवढा खटाटोप एका वजाबाकीसाठी आहे. दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग वर्णपटावरून नेमका मिळतो. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून तिच्या अंतराला प्रसरणाचा वेग किती हवा, तो त्यातून वजा करायचा. जो उरतो तो कुणाच्या तरी ओढीचा. ओढ म्हणजे वस्तुमान, आणि त्यात कुठल्याच दुर्बिणीला न दिसणारं कृष्णद्रव्यही आलं.

पण 30 कोटी प्रकाशवर्षांवर प्रसरणाचा वेगच सेकंदाला साधारण 6,500 किलोमीटर असतो. अंतर 20 टक्के चुकलं तर 1,300 किलोमीटरची चूक, आणि शोधायची ओढ असते काही शे किलोमीटरची! एकट्या दीर्घिकेवरून काहीच कळत नाही. म्हणून टली आणि सहकाऱ्यांनी कॉस्मिकफ्लोज-4 या यादीत जवळपास 56,000 दीर्घिकांची अंतरं गोळा केली. 2014 मध्ये याच पद्धतीने त्यांनी लॅनियाकियाची, म्हणजे आपली आकाशगंगा ज्यात आहे त्या दीर्घिकांच्या महासमूहाची, हद्द आखली होती. घाटमाथ्यावर एका बाजूचं पाणी कोकणात उतरतं, दुसऱ्या बाजूचं भीमेला मिळतं, तशी ही हद्द. तिच्या आतल्या दीर्घिकांचा ओघ आतच वळतो. रुंदी सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षं.

संख्या वाढवली की इकडच्या तिकडच्या चुका एकमेकींना खातात. साखळीचीच चूक मात्र जात नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका शिवारात आम्ही दोन पथकं दोन बाजूंनी मोजत आलो. आमच्या 33 फुटी साखळीची एक कडी ताणली गेली होती. सामाईक बांधावर आकडे जुळेनात. दोन भावांची जमीन होती, आणि थोरल्याला वाटलं धाकट्याने बांध कोरला. पुन्हा मोजेपर्यंत ते एकमेकांशी बोलत नव्हते. आकाशाच्या दोन भागांतली अंतरं न जुळणाऱ्या साखळ्यांनी मोजली, तर नकाशावर नसलेली ओढ उमटते, नसलेलं वस्तुमान दिसू लागतं.

म्हणून मी त्या पोरीला विचारलं, "रुंदी नेमकी कुठून कुठे धरता?"

ती खुलली. "शिंगांच्या निम्म्या उंचीवर, काका. काही जण 20 टक्क्यांवर घेतात. कुठे घेतली ते लिहावंच लागतं, नाहीतर दोन याद्या एकत्र करता येत नाहीत."

तिने पेन्सिलने निम्म्या उंचीवर दोन खुणा केल्या. मी खिशातली पट्टी काढून त्यावर ठेवली.