घोड्यावरचा माणूस कुठं गेला? पोराटोरांसह मुंबईची संग्रहालयं

सोलापूरहून निघताना मी चार स्वेटर भरले होते. चारही घडी न मोडता परत आले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत पहाटे खिडकीतून जरासं गार वारं येतं आणि तिथली माणसं त्याला थंडी म्हणतात. तरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं घेऊन मुंबई बघायची असेल, तर हेच दिवस. एकदा मे महिन्यात गेलो होतो, त्याबद्दल न बोललेलं बरं.

माणसं नऊ. आम्ही दोघं, थोरला आठ वर्षांचा, धाकटी चार, पुण्याहून आलेले दीर-जाऊ आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा, गुडघ्यांनी बेजार सासूबाई, आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, मुलांची आत्याआजी. सासरे नोकरीसाठी सोलापूरला गेले, त्या दादरलाच राहिल्या. त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ जण तीन रात्री कसे झोपलो हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण मुक्कामाला दादर सोयीचं, हे खरं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो आणि पंधरा मिनिटांत चहाचा कप हातात.

जाण्यापूर्वी घरात एकच नियम ठरवला: एका दिवसात एकच संग्रहालय, आणि आत दोन तासांच्या वर नाही. दिरांची यादी सहा ठिकाणांची होती. ती जावेनंच फाडली. मुलांना ‘बघा, किती जुनं आहे’ असं सांगून काही होत नाही, त्यांना काम द्यावं लागतं. आम्ही हत्ती मोजायचं काम दिलं. कुठंही, कशावरही हत्ती दिसला की ओरडायचं नाही, बोट दाखवायचं आणि थोरल्याच्या वहीत रेघ मारायची. गणपती हत्तीत धरायचा की नाही यावर पहिल्या अर्ध्या तासातच भांडण झालं. सासूबाईंनी निकाल दिला, “धरायचा.” त्यामुळे आमचा आकडा फुगला आहे हे प्रामाणिकपणे सांगते.

मंगळवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. टॅक्सीवाल्याला एवढं लांब नाव सांगायची गरज नाही, ‘म्युझियम’ म्हटलं की पुरे. सकाळच्या गर्दीत चार वर्षांची पोर आणि दुखरे गुडघे घेऊन सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शिरू नका. आम्ही जाताना दोन टॅक्सी केल्या आणि परत येताना दुपारी तीनच्या सुमाराला लोकल पकडली, तेव्हा बसायला जागा मिळाली. संग्रहालय सव्वादहाला उघडतं. दहालाच दारात असा, कारण डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना. अकराच्या पुढं टोप्या घातलेल्या पोरांच्या रांगाच्या रांगा येतात आणि मग कुठल्याही कपाटासमोर निवांत उभं राहता येत नाही.

या इमारतीची पायाभरणी १९०५ साली त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. पुढं तोच पाचवा जॉर्ज झाला. इमारत तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथं लष्करी इस्पितळ थाटलं, त्यामुळे लोकांसाठी दारं उघडायला १९२२ उजाडलं. वास्तुकार जॉर्ज विटेट. त्यानं विजापूरच्या इमारतींकडून बरंच उचललं आहे. आम्हा सोलापूरकरांना विजापूर शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे गोल घुमट मुलांनी पाहिलेला, तिथं टाळी घुमून परत येते हेही ठाऊक. थोरला मधल्या दालनात घुमटाखाली उभा राहिला, वर बघितलं, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यानं खाडकन टाळी वाजवली. परत काही आली नाही. रखवालदारानं नुसतं बघितलं. “हा खोटा आहे,” असं म्हणून थोरला पुढं गेला.

मुलांना घेऊन शिल्पांपासून सुरुवात करू नका, हा माझा अनुभव. आम्ही आधी प्राण्यांच्या दालनात गेलो. पेंढा भरलेले वाघ, रानगवे, धनेश आणि रोहित पक्षी काचेमागं त्यांच्या रानात मांडून ठेवले आहेत. पुतण्या रोहित पक्ष्यांसमोर दहा मिनिटं हलला नाही. ते एका पायावर का उभे राहतात हे त्यानं सगळ्यांना विचारलं आणि प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं. मग शस्त्रं. अकबराचं म्हणून जपलेलं चिलखत आणि ढाल इथं आहे. त्याच्यासमोर धाकटीनं विचारलं, “याच्या आत तो माणूस आहे का?” नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. शिल्पांच्या दालनात मोठ्यांनी आळीपाळीनं जायचं, एकानं बाहेर मुलं सांभाळायची, असं आम्ही केलं आणि ते जमलं. सासूबाईंसाठी व्हीलचेअर मागितली, ती मिळाली. आधी त्यांना लाज वाटत होती. नंतर त्या उतरायला तयार होईनात.

आवारातच २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे, एका जुन्या गोरखचिंचेच्या शेजारी. तिथं कधी शाळांचे कार्यक्रम असतात, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्या. खरं सांगायचं तर आमची पोरं त्या झाडाच्या बुंध्याशीच जास्त रमली. तिघांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला, मग चौथा म्हणून मला बोलावलं, तरी पुरलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरून नेली होती. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला नको. भाकरी चार दिवस टिकते आणि पिशवीत मोडली तरी बिघडत नाही. दालनांत खायला अर्थातच मनाई, त्यामुळे बाहेर येऊन खाल्लं. जवळच्या एका हॉटेलात नऊ थाळ्या सांगितल्या होत्या. पाऊण तासानं सहा आल्या आणि त्यातली एक दुसऱ्याच टेबलाची. भाकरीनंच तारलं.

बाहेर पडून काळ्या घोड्याशी आलो आणि इथून पुढच्या दोन दिवसांचा विषय सुरू झाला. चौकात उंच चौथऱ्यावर काळा घोडा आहे, पाठीवर कुणी नाही. धाकटी म्हणाली, “पडला का तो?” कोण पडला? “घोड्यावरचा माणूस.” आम्ही सगळे हसलो, पण पोरीचं चुकलं नव्हतं. इथं पूर्वी जो पुतळा होता त्याच्यावर स्वार होता: सातवा एडवर्ड, म्हणजे संग्रहालयाची पायाभरणी करणाऱ्या राजपुत्राचा बाप. १९६५ साली तो पुतळा घोड्यासकट इथून हलवला. नाव मात्र जागेला चिकटून राहिलं, आणि २०१७ साली स्वाराशिवायचा हा नवा घोडा उभा केला. आत्या म्हणाल्या, “तो राणीच्या बागेत आहे. उद्या दाखवते.” झालं. रात्री झोपेपर्यंत ‘उद्या माणूस’, ‘उद्या माणूस’.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याला उतरलो. दादरवरून चार स्थानकं, आणि स्थानकापासून बाग पायी दहा-पंधरा मिनिटांवर, सासूबाईंच्या चालीनं पंचवीस. फाटक बंद. बुधवार! राणीची बाग म्हणजे इथलं प्राणिसंग्रहालय; ती आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्हींची सुट्टी बुधवारी असते. हे सगळीकडे लिहिलेलं आहे. नियोजन माझं होतं, मी सोमवारच्या सुट्टीचाच विचार करत बसले होते. धाकटीनं फाटकाशीच फतकल मारली. कृपा करून वार बघून जा.

तिथून टॅक्सी करून सात रस्त्यावरून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र गाठलं. ते बुधवारीही उघडं असतं, आणि पोरांच्या दृष्टीनं हाच दिवस सगळ्यांत भारी ठरला. इथं ‘हात लावू नका’ नाही, उलट हात लावल्याशिवाय काही कळत नाही. आरसे, चाकं, बटणं दाबून चालणारी यंत्रं. बाहेरच्या बागेत झोके-घसरगुंडीच्या जोडीला जुनं रेल्वे इंजिन, विमान आणि ट्रामचा डबा ठेवलेला आहे. सावली आहे, बसायला जागा आहे. म्हाताऱ्या माणसांचे हाल होत नाहीत. आमचा दोन तासांचा नियम इथं मोडला, चार तास झाले.

ट्रामपाशी आत्या थांबल्या. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री ती बंद झाली. शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला गेली. आत्या तेव्हा बारा वर्षांच्या. रस्त्याच्या कडेला वडिलांच्या खांद्याला धरून बघत होत्या. “माणसं टपावर चढली होती, काही रडत होती. मला कळेना, गाडीसाठी कोण रडतं?” मग त्यांनी थोरल्याला विचारलं, “आपण राहतो त्याला दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे काय?” त्याला वाटलं टेबल टेनिस. ट्राम टर्मिनस. साठ वर्षं झाली ट्राम जाऊन, बसचे कंडक्टर अजून टीटीच ओरडतात. मलाही हे माहीत नव्हतं, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी. माझ्या मते घरातली म्हातारी माणसं बरोबर न्यावीत ती यासाठी. पाटीवर तारखा असतात, पण टपावर चढलेली माणसं नसतात.

गुरुवारी पुन्हा भायखळा. या वेळी फाटक उघडं होतं. धाकटीला आधी माणूस हवा होता, पुतण्याला पेंग्विन. आम्ही मात्र सकाळी दहालाच संग्रहालयात शिरलो, कारण पेंग्विन बघितल्यावर पोरं दुसरीकडे वळत नाहीत. दुपारी पेंग्विनपाशी रांगही मोठी असते, ती आम्हाला सोसावी लागली. तुम्ही दोन गट करा, एक आधी तिकडे, एक इकडे.

भाऊ दाजी लाड हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट. ते उभं करायला ज्यांनी खटपट केली ते डॉ. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, डॉक्टर आणि संस्कृतचे मोठे अभ्यासक. १९७५ साली त्यांचं नाव दिलं. आत पाऊल टाकताच जाऊ म्हणाली, “अगं, हे तर लग्नाचं कार्यालय!” फिकट हिरवे खांब, सोनेरी नक्षी, झुंबरं. मध्यंतरी अगदी पडीक झालं होतं, आणि मग मोठं जीर्णोद्धाराचं काम होऊन २००८ साली पुन्हा उघडलं.

मोठ्या संग्रहालयापेक्षा मला हेच आवडलं. एक तर लहान आहे, तासाभरात होतं. आणि वरच्या मजल्यावरची मातीची माणसं! जुन्या मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे, कामधंद्यांचे लोक वीतभर उंचीचे करून मांडले आहेत. कपाटं बुटकी, मुलांच्या नाकासमोर. प्रत्येकाचं पागोटं वेगळं. थोरला एकेका डोक्यावर काय आहे ते बघत बसला. पारशांच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या गोल बुरुजाची, प्रतिकृतीसुद्धा आहे. पुतण्यानं विचारलं, “ही विहीर का?” दिरांनी घसा खाकरला आणि हो म्हणून टाकलं. आत्यांनी मात्र त्याला खाली बसवून सगळं नीट सांगितलं, गिधाडांसकट. तो अजिबात घाबरला नाही. एवढंच विचारलं, “आता गिधाडं आहेत का?”

बाहेर हत्ती. घारापुरीच्या बेटावरचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना पडला आणि तुकडे झाले. ते तुकडे इथं आणले आणि १९१४ साली जोडले. सांधे नीट बघितले तर कळतात. वहीतल्या रेघा इथं संपल्या. हा सत्तेचाळिसावा, आणि थोरल्याच्या मते एकटाच खरा, कारण बाकीच्यांना कुणी पाडलं नव्हतं.

आणि बागेत तो घोडा. काळपट, भला मोठा, पाठीवर राजा बसलेला. धाकटीनं खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. आनंद वगैरे काही नाही, हरवलेली पाण्याची बाटली सापडल्यावर होतो तसा चेहरा. “हा इथं का बसलाय?” मी म्हटलं, त्याला इथं आणून ठेवलंय. “मग त्या घोड्याला माहितीये का?”

परतीची सिद्धेश्वर रात्री साडेदहानंतर सुटते, त्यामुळे जेवून निघालो तरी हाताशी तास होता. दादरलाही गाडी पकडता आली असती, पण सामान आणि झोपलेली पोरं घेऊन दोन मिनिटांच्या थांब्यात चढायचं धाडस करू नका, सीएसएमटीलाच जा. टॅक्सीवाल्याला म्हटलं, जरा काळ्या घोड्यावरून घ्या. तो म्हणाला, उलटं पडतंय, पन्नास रुपये जास्त लागतील. दिले. धाकटी तोवर झोपली होती. थोरल्यानं काच खाली केली, चौथऱ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “भायखळ्याला आहे रे. बुधवारी जाऊ नको.”