गुलाबी पावत्या

आमच्याकडे चवथीची आरास ज्या ट्रंकेत असते, त्याच ट्रंकेत बाबांच्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या असतात. गुलाबी, कार्बनचे डाग पडलेल्या. आई म्हणायची, "कसला हा कचरा!" मला गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा हाच कचरा कामी आला. युनियनची शिष्यवृत्ती तशी छोटीच, पुस्तकं आणि बसभाडं निघेल एवढी. पण अर्जाला तीन वर्षांच्या पावत्या हव्या होत्या आणि नेमकी एक गायब. सापडली ती स्वयंपाकघरात. मागे बाबांच्या अक्षरात हिशोब: बांगडे, नारळ, विडी. तशीच जोडली.

फीसाठी बँकेत गेलो तर साहेब घराची कागदपत्रं मागायला लागले. युनियनचे सेक्रेटरी भाई सोबत होते. ते शांतपणे म्हणाले, "4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, साहेब. आईवडील सहकर्जदार झाले की पुरे." साहेबांनी चष्मा पुसला. वर्गणी तिथेच वसूल झाली, असं बाबा अजून सांगतात.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना मला उशिरा कळली. तुम्ही आधी तिथे विचारा. बँकेचं व्याज शिकत असतानाही चढत राहतं.

शेजारचे गवंडीकाका कुठल्याच युनियनमध्ये नाहीत. पण 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात मुलांच्या शिक्षणाला मदतीची तरतूद होती; नोव्हेंबर 2025 पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. त्यासाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला. तो द्यायला त्यांचा ठेकेदार टाळाटाळ करतोय. सोमवारी भाई आणि मी त्याच्याकडे जाणार आहोत.