शिंक की शिवी?

जुन्या सिनेमांचे आवाज साफ करणं हे माझं काम. ‘घोस्ट्स ऑन द लूज’ची 16 मिमी प्रिंट आली तेव्हा वाटलं, हे पटकन उरकेल. 1943 सालचा, मोनोग्राम कंपनीचा, तासाभराचा स्वस्तातला सिनेमा. गल्लीतली टारगट पोरं एका नव्या जोडप्याचं घर आवरून द्यायला निघतात आणि भलत्याच, शेजारच्या भुताटकीच्या घरात शिरतात. तिथं भूतबित काही नाही, नाझी हेरांचा छापखाना आहे! ‘पोरं’ म्हणायचं एवढंच; त्यांचा म्होरक्या लिओ गोर्सी तेव्हा पंचविशी ओलांडलेला होता. नवरी मात्र अगदी नवखी एव्हा गार्डनर.

हेरांचा प्रमुख बेला लुगोसी, पडद्यावरचा ड्रॅक्युला. एका प्रसंगात तो शिंकतो. त्या शिंकेत तो इंग्रजीतली एक शिवी हासडतो, असं सिनेमावेडे कित्येक वर्षं शपथेवर सांगत आलेत. सर म्हणाले, “बाकी काहीही कर, शिंक बिघडवू नकोस. लोक तेवढ्यासाठीच बघणार आहेत.”

हेडफोन लावला, तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. ती शिवी ‘श’नं सुरू होते, आणि अडचण अशी की ‘श’सारख्या आवाजाचा सगळा जोर वरच्या पट्टीत असतो. 16 मिमीच्या ऑप्टिकल ट्रॅकवर, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजाच्या पट्टीवर, 5-6 किलोहर्ट्‌झच्या वर फारसं काही उरतच नाही, आणि जे उरतं ते खरखरीत कालवलेलं. नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरनं खरखर काढणं, वाढवलं की खरखरीबरोबर ‘श’ही पुसला जायचा आणि साधी, सभ्य शिंक ऐकू यायची. थोडं कमी केलं की तोच माणूस चक्क शिवी द्यायचा. आणखी कमी केलं की नुसती खरखर.

म्हणजे लुगोसीनं काय केलं हे आता माझ्या हातातल्या बटणावर ठरणार होतं! मला ते काही रुचेना.

शेजारच्या टेबलावरच्या पोरीला काही न सांगता दोन्ही तुकडे ऐकवले. “पहिल्यात शिंकतोय, दुसऱ्यात चिडलाय,” ती म्हणाली. म्हणजे आता माझ्या कानांवरही भरवसा ठेवायची सोय राहिली नाही. माझं विचाराल तर ती शिंकच आहे. 1934 पासून सिनेमात काय चालेल हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता इतकी कडक होती की मुद्दाम दिलेली शिवी तिच्यातून निसटणं कठीण. पण माझं मत ट्रॅकवर कशाला उमटवू?

शेवटी त्या शिंकेपुरतं नॉइज रिडक्शन पूर्ण बंद ठेवलं, फक्त धुळीचे टकटक आवाज हातानं काढले. क्षणभर खरखर वाढते, ती सांधेजोड कळू नये म्हणून दोन्ही टोकांना हळूहळू उतरवली. सरांनी ऐकलं. “वाद तसाच राहिला की रे!” म्हणाले आणि पुढची रीळ माझ्याकडे सरकवली. तिच्यात दारांची करकर होती, आणि सॉफ्टवेअर तिलाही ओरखडाच समजत होतं.