भीमाशंकरला घरटी मोजताना

भांडण एका घरट्यावरून पेटलं. शिबिरातल्या मुलांचे दोन गट शेजारशेजारच्या पायवाटांनी शेकरूची, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीची, घरटी मोजत चालले होते आणि एकाच जांभळीवरचं घरटं दोघांनीही आपापल्या वहीत लिहिलं. "आम्ही आधी पाहिलं!" "पण ते आमच्या बाजूला आहे!" शिबिरातली ताई मिटवायला धावली, तर वाटाड्या म्हणून आलेल्या गावातल्या काकांनी तिला हातानेच थांबवलं. भांडू द्या म्हणाले.

बराच वेळ कुणी ऐकेना. शेवटी एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी खोडाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दोन्हीकडून मला सांगा, घरटं कुठल्या फांदीवर आहे." सांगायला लागले, तर फांद्या वेगळ्या! पानांच्या दाटीत एकामागे एक अशी दोन घरटी होती. पोरं जी ओरडली, त्या आवाजाने आसपासचं एखादं शेकरू असलंच तर नक्की पळालं असणार.

मी भाच्यासोबत पालक म्हणून गेले होते. पुण्याहून मंचर-घोडेगावमार्गे जाताना डिंभे धरणापर्यंत प्रवास सुखाचा, पुढे देवळाजवळ जोडसुट्टीची गर्दी आणि गाड्यांचे भोंगे. त्याबद्दल न बोललेलंच बरं. आदल्या दिवशीचे डोळे बांधून दोरी पकडायचे खेळ मला तर निव्वळ वेळ घालवणं वाटले. असली दोरी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधता येते.

घरटी मोजताना मात्र मुलांना एकमेकांची खरंच गरज पडत होती. मान वर करून चालणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही, म्हणून एक जण वाट बघणारा. एक लिहिणारा, एक झाड ओळखणारा. काकांनी ताजं आणि जुनं घरटं ओळखायला शिकवलं: हिरवी पानं असतील तर ताजं, आरपार उजेड दिसला तर सोडून दिलेलं. एकच शेकरू बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटी आणि शेकरं यांचा आकडा सारखा नसतो, हे कळल्यावर भाच्याचा चेहरा पडला. 1985 साली हे अभयारण्य झालं, त्यात या आपल्या राज्यप्राण्याचा मोठा वाटा. पण तो दिवसाढवळ्या वावरणारा असूनही दुपारच्या उन्हात दडी मारून बसतो. आम्हाला एक झुपकेदार शेपूट तेवढी दिसली.

एका गटाला काहीच सापडलं नव्हतं. ते गुपचूप "2" लिहीत होते. काकांनी खोडायला लावलं आणि शून्य लिहून घेतलं. मुलं फुरंगटली.

निघताना प्रशस्तिपत्रं वाटली. "उत्कृष्ट नेतृत्व" मिळालं दोरीच्या खेळात सर्वांत जोरात ओरडणाऱ्या मुलाला. जांभळीखाली उभ्या राहिलेल्या मुलीला फक्त "सहभाग". बसमध्ये दोन्ही गटांनी मिळून याचा निषेध केला, तो थेट मंचर येईपर्यंत.