जुलाब किती वेळा, हे आधी विचारा

आमच्या कॅन्सरच्या डे-केअरमध्ये, म्हणजे जिथं केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तिथं, लँडलाइनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलाय, सेलोटेप पार पिवळी पडलीय, त्यावर माझ्या अक्षरात "दिवसात किती वेळा? एन्नि सार्लु?" एवढंच, दुसरं तेच तेलुगूत. नवीन सिस्टर आली की विचारतेच, हे काय आहे म्हणून. दरवेळी सांगायचा कंटाळा आला, म्हणून आज लिहूनच टाकते.

मी फार्मासिस्ट, सोलापुरातच कॅन्सरच्या औषधांवर काम करते. इथं तोंडाचा कॅन्सर किती आहे ते सांगायला नको, तंबाखू, मावा, मिशरी, घरटी एक तरी. आधीच्या एका हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा विडी घरकुल या कामगार वसाहतीतले एक मामा यायचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, ऑपरेशननंतर आजार परत आलेला. त्यांना जे चालू होतं ते मुंबईच्या टाटाच्या डॉक्टरांनी अभ्यासून 2022 मध्ये छापलेलं कॉम्बिनेशन, म्हणजे आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, आणि सोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबचं इंजेक्शन, पण फक्त 20 मिलिग्रॅम. एरवी हेच 240 देतात, दर दोन आठवड्यांनी, आणि तो खर्च ऐकूनच माणूस उठून घरी जातो. गोळ्यांना हे 20 मिलिग्रॅम जोडलं तर वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण साधारण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं होतं त्या अभ्यासात. म्हणून मग आमच्यासारख्या गावातही इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं निवोलुमॅबसारखं औषध, आलं. औषध आलं, पण त्याच्याबद्दलचं शिक्षण काही त्या बॉक्समधून आलं नाही.

एका संध्याकाळी मामींचा फोन. अर्धं तेलुगू अर्धं मराठी, माझं तेलुगू भाजीबाजारापुरतं. मामांना जुलाब होतायत. मी म्हटलं, एर्लोटिनिबनं होतातच हो, लोपेरामाइडच्या गोळ्या आहेत ना घरात, त्या द्या, ओआरएस द्या, आणि ठेवला फोन. दोन मिनिटं पण नाही बोलले. तिसऱ्या दिवशी रिक्षातून आणलं, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, दिवसाला दहा-बारा वेळा चालू होतं आणि त्यात रक्तपण. एर्लोटिनिबचा काही संबंध नव्हता, ते निवोलुमॅबचं होतं. ते औषध शरीराच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतं, मग कधीकधी ती आपल्याच आतड्यावर उठते. तिथं नुसती जुलाब थांबवायची गोळी देऊन भागत नाही, स्टिरॉइड लागतं आणि तेही लवकर. गोळीनं उलट दोन दिवस झाकून राहतं. मामा त्यातून उठले, डॉक्टर काही बोलले नाहीत मला, ते जास्त लागलं.

आपल्याकडे फार्मासिस्टला किंवा सिस्टरला प्रिस्क्रिप्शन लिहायचा अधिकार नाही, आणि मी पण एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण मामींनी माझं ऐकून गोळी दिली ना? मग ते काय होतं? फोनवर "घ्या", "थांबवा", "उद्या या" हे दिवसातून वीसदा आम्हीच बोलतो, डॉक्टर ओटीत असतात नाहीतर दुसऱ्या ओपीडीला. लिहीत नाही, पण सांगतो. आणि सांगायचं ट्रेनिंग कुणाचंच झालेलं नसतं.

हे सगळं मी आमच्या ताईला सांगितलं, मावसबहीण, इंग्लंडमध्ये तीही फार्मासिस्टच, पण तिच्याकडे लिहायचा अधिकार आहे. तिकडे नर्स आणि फार्मासिस्टना 2006 पासून स्वतंत्रपणे प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं. मला वाटायचं, एकदा कोर्स केला की झालं. तिनं केला तेव्हा 26 दिवसांचा अभ्यास आणि 90 तास कुणाच्या तरी नजरेखाली प्रत्यक्ष काम. पण खरी मेहनत म्हणे नंतर. तिचा "स्कोप" ठरलेला आहे, ब्रेस्ट कॅन्सर, बास. उद्या फुफ्फुसाच्या क्लिनिकला टाकलं तर पेन खिशात, आधी शिका, कुणासमोर तरी सिद्ध करा, मग लिहा. नर्सना तर रजिस्ट्रेशन टिकवायला तीन वर्षांत 35 तास शिकल्याचा हिशोब द्यावा लागतो, त्यातले 20 तरी इतरांबरोबर बसून. मी हसून म्हटलं, आमच्याकडे मोठ्या हॉलमध्ये कॉन्फरन्स होते, पनीर असतं, सर्टिफिकेट मिळतं. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे पण बिस्किटं खात सही करणारे आहेतच की."

तर आमचा बुधवार तिथून सुरू झाला. दुपारी अडीचनंतर खुर्च्या रिकाम्या होत आल्या की औषधाच्या खोलीत चार सिस्टर आणि मी, अर्धा तास, कडक भाकरी, शेंगा चटणी, आणि त्या आठवड्यात फोनवर आलेला एकच प्रश्न. जास्त नाही घ्यायचं, जास्त घेतलं की कुणालाच काही आठवत नाही. पहिला अर्थातच जुलाब. आधी एरवी किती वेळा जायचे ते विचारायचं, मग आता किती. एरवीपेक्षा चार-सहा वेळा जास्त असेल तर डॉक्टरांना लगेच फोन, सात किंवा वर गेलं तर थेट बोलवायचं, आणि इंजेक्शन कुठलं चालू आहे हे फाइल उघडून बघितल्याशिवाय गोळीचं नाव काढायचं नाही. मेथोट्रेक्सेटवर तर एका सिस्टरनं मस्त युक्ती काढली, पाकिटावर लाल पेननं फक्त वार लिहायचा, "सोमवार". कारण आठवड्याची गोळी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जिवावर बेततं, आणि आपल्याकडे गोळी म्हटली की रोजचीच असं डोक्यात बसलेलंय.

ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाचा किस्सा तर भारीच. त्या औषधानंतर थंड सहन होत नाही, म्हणून पेशंटला द्यायचा इंग्रजी कागद होता, त्यात लिहिलेलं की थंडीत बाहेर पडताना हातमोजे घाला. सोलापूर, मे महिना, 43 डिग्री! एक मावशी घरी गेल्या, फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली आणि घशात काटे टोचल्यासारखं होऊन घाबरून रडायलाच लागल्या, श्वास बंद होतोय म्हणून. आता आमच्या कागदावर फ्रिजचं पाणी, बर्फाचा गोळा, लस्सी, थंडगार स्टीलचा तांब्या, सगळं नावानिशी आहे. माठाच्या पाण्यावर दोन सिस्टरांचं भांडण अजून मिटलेलं नाही, तोपर्यंत कोमट सांगतोय.

गेल्या बुधवारी सगळ्यात लहान सिस्टर उठता उठता म्हणाली, मॅडम, एर्लोटिनिबवाले सगळे सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची पॅन-डी पण घेतातच की, चालतं का? मी गप्प. पोटातलं ॲसिड कमी झालं की एर्लोटिनिब नीट शोषलंच जात नाही, हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. पण इतक्या पेशंटना या दोन्ही गोळ्या माझ्याच काउंटरवरून एकाच पिशवीत गेल्यात.

आज त्या फाइली काढून बसलेय. सात झाल्यात, अजून कपाटाचा खालचा कप्पा राहिलाय.