बाबांच्या डोळ्यांची मोबाईलवर झालेली तपासणी : माझा अनुभव

बाबांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. पण डोळ्याच्या आतला पडदा तपासायचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "मला पेपर नीट वाचता येतो ना!" रेटिनोपथीत, म्हणजे मधुमेहामुळे पडद्याला होणाऱ्या आजारात, घात होतो तो इथेच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या तरी नजर बराच काळ शाबूत असते.

आरोग्य केंद्रात शिबिर लागलं तेव्हा आईनेच त्यांना गाडीवर बसवलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले. ते झोंबतात आणि मग दुपारभर उजेड सहन होत नाही, म्हणून काळा चष्मा सोबत न्यावा. आतल्या खोलीत पडदे ओढलेले. हनुवटी टेकवायचा स्टँड आणि समोर भिंगाच्या नळकांड्याला अडकवलेला साधा मोबाईल. फोटो काढणाऱ्या ताई डॉक्टर नव्हेत, आरोग्यसेविका. "काका, हिरव्या ठिपक्याकडे बघा, पापणी मिटू नका." बाबांनी नेमकी मिटली. पुन्हा फोटो.

स्क्रीनवर नारिंगी गोल उमटला, त्यात बारीक लाल टिपके आणि पिवळट कण. उजव्या डोळ्याचा फोटो मात्र मोतीबिंदूमुळे धुरकट आला, फोटो तपासणाऱ्या फोनमधल्या सॉफ्टवेअरने तो नाकारलाच. डाव्याचा निकाल जागेवरच: नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

अशाच फोनवर, इंटरनेटविना चालणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झाली होती. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण त्यातून सुटला नव्हता, पण काही जणांना विनाकारणही 'दाखवा' सांगितलं गेलं होतं. मी या दुसऱ्या गटाच्या आशेवर होतो, खोटं कशाला बोलू!

साताऱ्याला ओसीटी, म्हणजे पडद्याची जाडी दाखवणारा स्कॅन, केल्यावर ती आशा संपली. पडद्याच्या मध्यभागी सूज होती. सपाट फोटोत जाडी कळत नाही, त्यामुळे हा खर्च फोन वाचवू शकत नाही. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर बाबा उठून बाहेरच गेले. डॉक्टरांनी शिबिरातला फोटो मोठा करून दाखवला, तेव्हा कुठे तयार झाले. बधीर करून देतात, टोचल्याचं फारसं कळत नाही. दुसऱ्या दिवशी डोळा खुपतो एवढंच.

आता इंजेक्शनं ठरल्या वेळी चालू आहेत. उजव्या डोळ्याचा पडदा अजून फोटोत नीट दिसलेला नाही. आधी मोतीबिंदू काढायचा, मग तो.